फाल्गुनात बंद राहिलेले दालन

एका राज्यात लोक भुताखेतांना भीत नसत, शत्रूच्या फौजेला भीत नसत. भीत असत ते फाल्गुनाला. थंडी काढता पाय घेते न घेते तोच जमीन ऊबदार होते, आणि भिंतींच्या भेगांत, पेट्यांच्या कोपऱ्यांत निजलेली मंडळी जागी होतात. मुंग्या, झुरळे, ढेकूण, कसर, आणि सगळ्यांची थोरली जाऊबाई वाळवी. ती जागी झाल्यावर झाडू घेऊन धावणाऱ्याला त्या राज्यात हसत. शहाणी माणसे आधीच कामाला लागत.

म्हणून फाल्गुन लागला की घरोघर 'ऊनदाखवणी' असे. गाद्या, गोधड्या, धान्य, पेट्या, अगदी देवघरातला चौरंगसुद्धा अंगणात येई. रिकाम्या घरात कडुलिंबाची धुरी फिरे, भेगांत चुना भरला जाई, धान्याच्या कणग्यांत लिंबाचा पाला पडे. मग घरची बाई प्रत्येक खांबावर बोटाचे पेर वाजवून कान देई. खांब 'ठण्ण' म्हणाला तर निरोगी. 'भद्द' म्हणाला तर आतून खाल्लेला. राजवाड्यात हे काम राणी वेत्रवतीचे. तिचा कान असा तिखट, की भिंतीच्या पोटातली कुजबुजही तिला कळते, असे दासी म्हणत.

त्या वर्षी ती दरबारातले खांब वाजवत चालली होती. शेवटच्या खांबाला टेकून राजा धवलकीर्ती उभा होता. अलीकडे तो फारसा बोलत नसे, ताटावरून अर्धवट उठत असे. त्याला जरा हसवावे म्हणून राणीने खांबावर वाजवावे तसेच त्याच्या छातीवर बोट वाजवले.

भद्द.

राणीचा हात हवेतच राहिला. तिने पुन्हा वाजवले. पुन्हा भद्द. आणि राजाच्या अंगरख्याच्या बाहीतून चिमूटभर पिवळा भुसा फरशीवर सांडला.

"महाराज, हे काय?"

"काही नाही. थोडा थकलो आहे," राजा म्हणाला, आणि त्याचा आवाज रिकाम्या रांजणातून यावा तसा आला.

राणी कशीबशी अंगणात आली आणि उन्हात टाकलेल्या गाद्यांवर मटकन बसली. समोरच्या पांगाऱ्यावर एक सुतारपक्षी होता. त्याने चोच थांबवली.

"राणी, माझा जन्म पोकळ लाकडावर गेला," तो म्हणाला. "तो आवाज मी ओळखला. तुझा नवरा आतून खाल्ला जातो आहे."

"कोण खाते आहे?"

"वाळवीची राणी. या भूमीला जुना शाप आहे. जे दालन तीन वसंत ऊन पाहत नाही ते तिचे होते, आणि ज्याने त्याला कुलूप घातले तोही तिचा होतो. तुझ्या वाड्यात असे दालन आहे का?"

राणीला विचार करावा लागला नाही. थोरले महाराज तेजोवर्मा वारले, त्या दिवशी धवलकीर्तीने त्यांच्या दालनाला कुलूप घातले होते. आबासाहेबांची एक वस्तूही हलवायची नाही, अशी त्याची आज्ञा होती. किल्ली तो गळ्यात घालून फिरे. केवढी ही पितृभक्ती, असे सगळे म्हणाले. राणीही म्हणाली. आणि तीन फाल्गुन ती धुरीचे भांडे घेऊन त्या दारापर्यंत गेली आणि परत वळली. हे आठवून तिला स्वतःचा भयंकर संताप आला.

"उपाय सांग," ती म्हणाली.

"मांत्रिकाच्या कडुलिंबाचा पाला आण. नागाच्या डोहातला चुना आण. आणि किल्ली. ती महाराजांनी आपल्या हाताने फिरवली पाहिजे, होळीचा चंद्र उगवण्याआधी. नंतर त्यांना उचलायला सुपली पुरेल."

राणीने पदर खोचला आणि ती निघाली. सुतारपक्षी वाट दाखवत पुढे उडाला.

मांत्रिकाच्या अंगणात कडुलिंब उभा होता, आणि त्याचे प्रत्येक पान गळताना 'आई गं' म्हणत होते. दारात मांत्रिक बसला होता.

"गळलेला पाला ने. फांदीला हात लावू नकोस," तो म्हणाला. "मोल म्हणून तुझ्या जिभेची गोडी ठेवून जा. शाप सुटला तर परत मिळेल."

"आणि नाही सुटला तर?"

"तर मी रोज खीर खाईन आणि तुझी आठवण काढीन."

राणीने टोपली भरली. वाटेत तिने शिदोरीतला गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तिचे डोळे पाण्याने भरले. गूळ कारल्याहून कडू लागत होता.

नागाच्या डोहाकाठी दोन ढीग होते, एक सोन्याचा, एक पांढऱ्या चुनखड्यांचा. सोन्याच्या ढिगाभोवती दगडाचे राजपुत्र ओणवे उभे होते, प्रत्येकाचा हात पुढे केलेला, आणि प्रत्येकाच्या तोंडावर भलतेच आश्चर्य. राणी त्यांच्यामधून वाट काढत सरळ चुन्याकडे गेली.

नागाने फणा काढला. "सोने नको?"

"सोन्याने माझी भेग बुजत नाही."

"शंभर वर्षांत चुना मागणारे कोणी भेटले नाही," नाग चकित होऊन म्हणाला. "ने. आणि पाण्यापासून जप, तो फार तापट आहे."

राणी परतली तेव्हा होळीचा दिवस कलू लागला होता. धुरीचे निखारे आणि पाण्याची घागर घेऊन ती थेट दालनाकडे गेली. राजा बापाच्या दालनाबाहेर बसला होता, दाराला कान लावून. त्याच्याभोवती भुशाचे रिंगण पडले होते.

"महाराज, दार उघडा."

आणि आतून आवाज आला, "बाळ धवल, उघडू नकोस. मला ऊन सोसत नाही."

तो तेजोवर्म्यांचा आवाज होता. बोलण्याआधी येणारा तो खोकलासुद्धा त्यांचाच!

"ऐकलेस?" राजा म्हणाला. "रोज बोलतात माझ्याशी. दार उघडले तर आबासाहेब जातील, वेत्रवती. पुन्हा एकदा जातील."

राणीला रडू फुटले. सासऱ्यांवर तिचाही जीव होता. क्षणभर तिलाही वाटले, राहू दे हा आवाज. मग तिने डोळे पुसले आणि दाराला विचारले, "मामंजी, हा महिना कोणता?"

"फाल्गुन," आवाज म्हणाला.

"मग आपला पलंग कुठे असायला हवा?"

आतून आधी खोकला आला. "पलंग इथेच राहू दे, सूनबाई. पडदे ओढ आणि जा."

राजाने सावकाश मान वर केली. शेवटच्या दुखण्यात, ऐन फाल्गुनात, अंगात फणफणता ताप असताना, तेजोवर्म्यांनी आपला पलंग आठ जणांकडून अंगणात आणवला होता. 'गाद्यांना मागून, आधी मला ऊन दाखवा!' असे ओरडून त्यांनी वैद्याला पळवून लावले होते. सारे राज्य त्यावर हसले होते, आणि सगळ्यांत मोठ्याने ते स्वतः.

"आबासाहेब असे म्हणाले नसते," राजा म्हणाला.

त्याने गळ्यातली किल्ली काढली, कुलपात घातली आणि फिरवली. किल्ली फिरली, आणि त्याची करंगळी गळून पडली. तिचा फरशीवर आवाजही झाला नाही. राणी किंचाळली. राजाने दार ढकलले.

आत सगळे जसेच्या तसे होते. पलंग, शाल, पगडी, भिंतीवरची तसबीर.

"बघ," राजा म्हणाला, "काहीच गेलेले नाही."

राणी पुढे झाली आणि तिने पलंगाच्या खांबावर बोटाचे पेर वाजवले.

पलंग भुगा होऊन खाली बसला. मग शाल बसली, पगडी बसली, तसबीर भिंतीवरून भुरभुरत खाली आली. पाहता पाहता तिथे मातीचा ढीग उरला, आणि ढिगाखालच्या भेगेत हातभर लांब, पांढरी, फुगलेली वाळवीची राणी तेजोवर्म्यांच्या आवाजात म्हणाली, "दार लाव, बाळ!"

"खिडक्या!" वेत्रवती ओरडली. राजाने खिडक्या फोडल्या. मावळतीचे ऊन सरळ आत आले. तिने निखाऱ्यांवर पाला टाकला, भेगेत चुना भरला आणि वरून घागर ओतली. चुना खदखदून उकळला. आवाज आधी सासऱ्यांचा होता, मग कोणा म्हातारीचा झाला, मग विझला. राणीने भेग लिंपून टाकली.

राजा मातीत बसून लहान मुलासारखा रडला. ढीग उपसता उपसता त्याच्या हाताला काहीतरी कठीण लागले. ते तेजोवर्म्यांचे तांब्याचे धुपाटणे होते. दर फाल्गुनात ते स्वतः हे धुपाटणे घेऊन वाडाभर धुरी देत. किड्यांना खाता आले नाही असे तेवढेच तिथे उरले होते.

राजाने त्यात निखारे घातले, पाला घातला, आणि तो एकेका दालनातून धुरी देत निघाला. राणी मागून चुना घेऊन येत होती. एवढ्यात पुढून खोकला ऐकू आला, अगदी तोच, थोरल्या महाराजांचा. राणी जागच्या जागी थिजली. मग तिने धुरातून पाहिले. धुराने घसा धरला म्हणून खोकत होता तो धवलकीर्ती.

तिने जवळ जाऊन त्याच्या छातीवर बोट वाजवले.

ठण्ण.

बाहेर चंद्र उगवला आणि होळी पेटली. शाप सुटताच डोहाकाठचे दगडी राजपुत्रही जिवंत होऊन पाठ चोळत आपापल्या घरी गेले. राजाची करंगळी परत आली, जराशी आखूडच. राणीने पुरणपोळीचा घास घेतला आणि ती गोड लागली म्हणून ढसाढसा रडली. त्या वाड्यात ऊन शिरले, तसे ते ऐकणाऱ्यांच्या घरी शिरो, आणि बंद कोपऱ्यापर्यंत पोहोचो.