ओरडणारा पहारा

निंबगडचे राजे हैबतराव एका पहाटे खजिन्याकडे गेले, तर दाराशी पहारेकरी भिवा भाल्याला टेकून घोरत होता. राजांनी तिथल्या तिथे त्याला कोठडीत टाकलं आणि दवंडी पिटवली, "माणसांचा पहारा बंद! चोरीच्या आधीच ओरडेल असा पहारा आणून द्या, मागाल ते मिळेल!"

झालं! आठवडाभरात तीन व्यापारी गडावर हजर झाले. एकाकडे बदकं होती, दुसऱ्याकडे मैना, तिसऱ्याकडे घंटा. राजांनी भर दरबारात त्यांची परीक्षा मांडली.

बदकवाल्याने टोपली उघडली. "चोर दिसला की गड डोक्यावर घेतील, महाराज!" बदकं तरातरा निघाली, चोर शोधायला कुठेच थांबली नाहीत आणि थेट राजांच्या पोटरीला चावली.

मैनावाल्याने पिंजऱ्यावरचं फडकं काढलं. मैनेने मान वळवून दिवाणजींकडे पाहिलं. "चोर! चोर!" मग खजिनदाराकडे पाहिलं. "चोर! चोर!" दरबार पायाची नखं बघू लागला.

"पाखरू गुणी आहे हो!" मागून एक बाई म्हणाली. "आल्या आल्या सगळे ओळखले!"

ही गोजरा तांबोळीण. दरबारात विडे लावून द्यायची. कोठडीतला भिवा तिचाच नवरा.

घंटावाला मात्र रुबाबदार. जरीचा अंगरखा, कानात अत्तराचा फाया, काखेत चंदनी पेटी. त्याने दरबाराच्या दारावर घंटेची दोरी ताणली. तिला बोट लावताच टण्ण आवाज झाला. "चोराने उंबऱ्यावर पाय ठेवला की वाजलीच! सकाळी मी स्वतः खजिना हिंडून आलो. दार न् दार, कुलूप न् कुलूप पाहून ठेवलंय!"

"वा!" राजे खूश झाले.

तेवढ्यात खिडकीतून वारा आला. टण्ण! टण्ण! टण्ण! गोजरा खुदकन हसली.

राजे संतापले. "गोजरे! नवरा उभ्या उभ्या झोपतो आणि तू तोंड वर करून हसतेस? एवढी शहाणी आहेस तर तूच निवड! चोरीच्या आधी ओरडणारा पहारा आज दाखवलास, तर भिवा सुटेल. नाही दाखवलास, तर त्याच्याबरोबर तुलाही गडाखाली हाकलीन!"

दरबार कुजबुजू लागला. चोरी झालीच नाही तर ओरडायचं कशावर? गोजरा पदर खोचून पुढे झाली.

"काय हो बदकवाले, तुमच्या घरी कसला पहारा?"

"घरात नुसती बदकं, बाई! चोर येऊन नेणार काय?"

"आणि तुमच्या घरी, मैनावाले?"

"कुत्रा आहे," मैनावाला हळूच म्हणाला.

"बरोबर! विकायला मैना, राखायला कुत्रा! आणि घंटावाले, तुमच्या घरी किती घंटा?"

"एकही नाही!" तो मिशीला पीळ देत म्हणाला. "आमच्या घरी चोर येतच नाही!"

बोलताना त्याने काखेतली पेटी आणखी आवळली. मघाशी राजांना मुजरा करतानाही ती त्याने खाली ठेवली नव्हती. गोजराने ते पाहिलं होतं.

"महाराज," ती म्हणाली, "ज्याला आपल्याच मालाचा भरवसा नाही, त्याचा आपण का धरावा? तिघांनी आपापली चीजवस्तू इथे चौकात ठेवावी. राखण ज्याच्या त्याच्या पहाऱ्याची. माणसं सगळी बाहेर!"

बदकवाल्याने गाठोडं ठेवलं. मैनावाल्याने कुरकुरत शाल ठेवली. गोजराने घंटावाल्यासमोर हात पसरला. "द्या पेटी!"

"हात लावू नका!" तो असा किंचाळला, की बदकं दरबाराच्या दुसऱ्या टोकाला पळाली. "खबरदार! लांब व्हा! पेटीला हात नाही लावायचा!"

गोजराने टाळी वाजवली. "महाराज, सापडला पहारा! माझा हात पेटीपासून वीतभर लांब, तरी हा ओरडला! आता एवढं जिवापाड राखतो तरी काय, ते बघा की!"

राजांनी खूण केली. शिपायांनी पेटी हिसकावून उघडली. आत मेणाच्या वड्या होत्या. प्रत्येकीवर खजिन्याच्या एकेका किल्लीचा ताजा ठसा!

खजिनदाराने वड्या उलटसुलट करून पाहिल्या. "सकाळी... याला मापं घ्यायला किल्ल्या मीच दिल्या होत्या..."

"याच्या घरी चोर येत नाही, हे खरं बोलला हो!" गोजरा म्हणाली. "चोर याच्या घरून निघतो!"

राजे आधी लालबुंद झाले. मग त्यांच्या मिशा हलल्या आणि हसू असं फुटलं की डोक्यावरचा मंदील कलला. "सोडा भिवाला! आणि गोजरे, तुला काय हवं ते माग!"

"माझ्या नवऱ्याला तीन दिवस तीन रात्री पाळी न बदलता उभा केला होता, महाराज. अशाने मारुतीरायाही पेंगेल. पाळ्या लावा, म्हणजे माणसं जागतील."

"लावल्या! पण पहारा कुठला घेऊ, ते अजून सांगितलं नाहीस!"

"घंटेचाच घ्या की! या शेटजींना कोठडीत ठेवा आणि त्यांच्या घंटा त्यांच्याच पायात बांधा. वाजली की समजायचं, चोर हलला!"

हैबतरावांनी हसत हसत हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि गोजराच्या पानांच्या तबकात टाकलं.