एक पायली कमी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतक्या वर्षांपूर्वीची, की तेव्हा बोरखडीच्या ओढ्याला उन्हाळ्यातसुद्धा पाणी असायचं, असं म्हणतात. खरं-खोटं ओढ्याला ठाऊक. त्या बोरखडीत धुरपदा नावाची एक बाई राहत होती. आईबापाची एकुलती एक लेक, म्हणून नवरा घरजावई आणलेला. माणूस गरीब गाय. कुणी काही बोललं की तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा. बोलायचं काम धुरपदेचं, आणि ते ती दोघांच्या वाटणीचं करायची.

बोरखडीला एक पेव होतं. पेव म्हणजे जमिनीखाली खणलेली धान्याची खोल कोठी, आतून शेणामातीनं लिंपलेली, तोंडावर मोठा दगड. गावाचं शाळूचं सगळं बी त्यात राहायचं. हस्ताचा पाऊस झाला की दगड सरकवायचा, बी वर काढायचं, आणि पहिली मूठ पेरायची धुरपदेच्या घरानं. हा मान त्या घराचा होता, आणि तो सटवाजीमुळं होता.

सटवाजी कोण, हे बोरखडीत शेंबड्या पोरालाही पाठ. धुरपदेच्या चार पिढ्या आधी मोठा दुष्काळ पडला. गाव उठलं आणि पाण्याच्या आशेनं नदीकाठाला गेलं. बियाला राखण हवी, म्हणून सटवाजी एकटा मागं राहिला. अकरा महिने तो पेवाच्या दगडावर बसून होता. नागानं फणा धरून त्याला सावली केली, कावळ्यांनी चोचीतून पाणी आणलं, आणि पोटात कण नसताना तो जगला, असं म्हणतात. गाव परतलं तेव्हा पेवातला एक दाणासुद्धा हललेला नव्हता. त्याला ना बायको ना पोर, संन्याशासारखा माणूस, म्हणून तर त्याला ते साधलं, असंही म्हणतात.

आणि इथंच सगळी गोम होती.

धुरपदेच्या लेकीचं, रंगूचं लग्न ठरलं. स्थळ चांगलं, मुलगा चांगला. सुपारी फुटायची म्हणून माणसं बसली होती, आणि हैबतराव पाटलानं पान जुळवत जुळवत विचारलं, "धुरपदे, सटवाजीला बायको नव्हती म्हणतात. मग तुझं घर त्याचं कसं गं? ब्रह्मचाऱ्याला नातवंडं कुठनं आली?"

सगळी बैठक हसली. चार पिढ्यांत हे कुणाला सुचलं नव्हतं, पण पाटलाला आपल्या घरी मूठ हवी होती, त्यामुळं त्याला बरोबर सुचलं. मुलाकडची माणसं मात्र हसली नाहीत. बिनबुडाच्या घरातली मुलगी नको, असं म्हणून ती पाण्याला न शिवता उठून गेली. रंगू तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी धुरपदेनं फडक्यात भाकरी बांधली आणि नवऱ्याला म्हणाली, "मी कचेरीत चाललेय. सारा भरला आसंल तर कागद आसंल. कागद आसंल तर माणूस आसंल."

तालुक्याची कचेरी डोंगरापलीकडं सात कोसांवर. धुरपदा दर बाजाराला जायची, दर बाजाराला यायची. अशी ती बारा वर्षं चालली आणि तिच्या पावलांनी डोंगराला वाट पडली, असं म्हणतात. जुनी माणसं तीन वर्षं म्हणायची. तीन तर तीन! सात कोस अनवाणी चालून बघा, मग कमी-जास्त बोला.

कचेरीत जुने कागद कापडात गुंडाळून ठेवलेले, त्या गाठोड्यांना रुमाल म्हणत. कागद सगळे मोडीत. ते वाचू शकणारा एकच कारकून उरला होता, अंताजीपंत. म्हातारा, तिरसट, डोळ्याला चष्मा नि चष्म्याला दोरा. पहिल्या दिवशी तो खेकसला, "बाई, इथं काय तुमचा पूर्वज चहा पीत बसलाय?" धुरपदेनं त्याच्यापुढं भाकरी आणि ठेचा ठेवला. पंतांना ठेचा जड गेला. डोळ्यांतून पाणी काढत त्यांनी विचारलं, "शेत कुठलं?"

"चिंचंचं वावर."

"हे आधी सांगायचं. कागद माणसाच्या नावानं सापडत नाही, जमिनीच्या नावानं सापडतो."

आणि मग, बाजारामागून बाजार, सटवाजी सापडायला लागला. पंत बोट फिरवत वाचायचे आणि धुरपदा भिंतीला टेकून ऐकायची. अमुक साली चिंचेच्या वावरात बाजरी आणि हुलगा. पुढच्या साली शाळू. बैल दोन. मग बैल एक. मग पुन्हा दोन, आणि विहीर नवी, कच्ची. "मेलेला बैल त्यानं पुन्हा घेतला बघा," धुरपदा म्हणायची, जसा काही तो शेजारीच राहत होता. एका साली नुसता हुलगा पेरलेला निघाला, तर ती हळहळली, "आजारी आसंल वो तो." वाटेनं ती त्याच्याशी बोलत जायची. डोंगरातले गुराखी सांगायचे, की धुरपदा एकटी चालते पण पावलं दोघांची वाजतात. असं म्हणतात.

एका बाजारी पंतांनी तळातला रुमाल सोडला. त्यात दुष्काळाच्या तोंडावरची गावची खानेसुमारी होती, घरोघरची माणसं मोजलेली. पंत वाचू लागले, "सटवाजी, चिंचेच्या वावराचा. खुद्द एक. आई एक. बायको एक." एवढं ऐकून धुरपदा ताडकन उठली. "बायको? पंत, बायको म्हणालात?"

"बायको एक," पंत म्हणाले. "मुलं पाच. मुलगी, वय अकरा. मुलगा, वय नऊ. मुलगा, वय सात. मुलगी, वय चार. मुलगा, वय दोन."

धुरपदेनं कचेरीतच फुगडीचा फेर धरला. सगळ्या कारकुनांना गूळ वाटला, शिपायालाही दिला. आता पाटलाचं तोंड बंद, रंगूचं लग्न पक्कं. पण पंत हसत नव्हते. त्यांच्या हातात पुढचा कागद होता, आणि तो ते वाचेनात.

"बाई, तुमचं काम झालं. घरी जा."

"पुढं हाय ना अजून?"

"पुढचं नका ऐकू. माझं ऐका."

"पंत, माझा माणूस हाय तो. मी न्हाई तर कोण ऐकणार?"

तेव्हा पंतांनी चष्मा पुसला आणि वाचलं. दुष्काळ सरल्यावरची, पहिल्या मोजणीनंतर आठ वर्षांनी झालेली मोजणी. "सटवाजी. खुद्द एक. मुलगा, वय दहा." आणि खाली रेघ.

धुरपदेला आधी कळलंच नाही. मग तिनं बोटं मोजली, आणि मोजता मोजता एकेक बोट मिटत गेलं. म्हातारी, बायको, अकराची, नऊचा, सातचा, चारची. सहा बोटं मिटली.

रुमालात त्याची पंचांपुढची जबानीही होती. सटवाजी एकटा मागं राहिला नव्हता. चालू न शकणारी म्हातारी आणि सगळं बिऱ्हाड घेऊन तो राहिला होता, कारण गाव म्हणालं होतं, दोन महिन्यांत येतो. गाव आलं अकरा महिन्यांनी. पंतांनी शेवटचा कागद वाचला. गाव परतल्यावर पंचांनी पेव उघडलं, बी मापलं, त्याची नोंद होती. "बी पंधरा मण ठेविले. पैकी एक पायली कमी. राखणदाराकडून वसूल करावी." आणि बाजूला दुसऱ्या शाईत, "वसूल."

धान्य मापायचं ते लाकडी माप, पायली! लेकरू मांडीवर मरत असताना त्यानं कधी तरी तो दगड सरकवला असेल, चिमूट चिमूट काढलं असेल, आणि ते एकालाच पुरलं असेल. एकालाच का? त्या दोन वर्षांच्यालाच का, चारचीला का नाही? कागदाला हे विचारता येत नाही. आणि त्याच्याकडून ती पायली गावानं भरून घेतली! बायकापोरं पुरून आलेल्या माणसाकडून! मग ही गोष्ट आठवून गावाला झोप लागेना, म्हणून गावानं हळूहळू त्याची बायको पुसली, पोरं पुसली, आणि तिथं नाग नि कावळे आणून बसवले.

"पेव फोडून खाल्लं का न्हाईस रं?" धुरपदा कचेरीच्या पायरीवर ओरडली. "चोर म्हणून मेला आसतास तरी चाललं आसतं रं बाबा!" तिच्या त्या ओरडण्यानं कचेरीच्या पिंपळाची पानं गळली, असं म्हणतात. पंतांनी त्या दिवशी कागदांची बाळबोधीत नक्कल करून दिली, मग लेखणी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही.

घरी येताना धुरपदा चिंचेच्या वावरात थांबली. वावराच्या कोपऱ्यात एक पट्टी होती, तिला नागोबाची पड म्हणत. तिथं कधी नांगर घातला नव्हता. साऱ्याच्या कागदात दर साली लिहिलेलं होतं, चिंचेचं वावर, कोपरा पड. सटवाजी मरेपर्यंत त्या कोपऱ्याचा सारा भरत राहिला आणि तिथं काही पेरलं नाही. धुरपदा जन्मभर त्या पट्टीला वळसा घालून चालली होती. आज तिनं गवत बाजूला केलं. सहा धोंडे होते, दोन मोठे, चार लहान. ती तिथंच बसली आणि पोटातलं सगळं रडली.

हस्ताचा पाऊस झाला. गाव पेवावर जमलं. पंतांनी कागदाची नक्कल दिली होती, ती शाळामास्तरानं वाचली, पहिल्या खानेसुमारीपर्यंतची. पाटलाचा चेहरा उतरला, पण माणूस दिलदारीचा आव आणून म्हणाला, "बरं बाई, तुझीच मूठ. घे."

धुरपदा पेवाच्या दगडावर जाऊन बसली. "मला मूठ नगं," ती म्हणाली. "मास्तर, म्होरलं वाचा."

मास्तरानं पुढचं वाचलं. खुद्द एक, मुलगा एक. एक पायली कमी. वसूल. कुणाला वर बघवेना.

"ती पायली परत द्या," धुरपदा म्हणाली.

"कुणाला देऊ?" पाटील चिडला. "मेली ती समदी! आन् सोन्यासारख्या माणसाचं नाव मातीत घालतेस व्हय?"

"मातीत तुम्ही घातलं. मी उकरून आणलंय. पायली द्या, न्हाई तर हा दगड सरकणार न्हाई."

पहिला दिवस गेला. ओल उडायला लागली. दुसरा दिवस गेला. बाप्ये शिव्या घालत होते, पण उठवायला हात कुणाचा धजेना. ऊन एवढं, की दगडावर पाणी टाकलं तर चर्र होई, पण धुरपदेवर सावली होती आणि आभाळात ढग नव्हता, असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी पाटलाची म्हातारी आई काठी टेकत आली. पदराच्या गाठीत घरचे शाळूचे दाणे होते. तिनं ते पायलीत ओतले आणि म्हणाली, "माझ्या सासूला ठावं हुतं गं. तिनं मरताना मला सांगितलं. मी गप बसले." मग एकेक घरातनं एकेक बाई आली, मूठ मूठ घेऊन. शेवटच्या मुठीला पायली काठोकाठ भरली, एक दाणा वर नाही की खाली नाही.

त्या पायलीच्या घुगऱ्या शिजवल्या. धुरपदा त्या टोपल्यात घेऊन पडीवर गेली, मागं सगळं गाव. तिथं तिनं हाक मारायला तोंड उघडलं, आणि हाक बाहेर येईना. कारण तिला नावंच ठाऊक नव्हती. कागदात नावं नव्हती, नुसती वयं होती. तीन वर्षं ज्यांच्यासाठी चालली, त्यांना काय म्हणून बोलवायचं?  मग फाटक्या आवाजात म्हणाली, "ये गं अकराची. ये रं नऊचा. ये रं सातचा. ये गं माझे चारची."

रंगूचं लग्न त्याच, उठून गेलेल्या माणसांच्या घरी झालं. धुरपदा मांडवात होती, पण पंगतीत लहान मूल दिसलं की तिचा घास हातातच राहायचा. ते तसंच राहिलं, शेवटपर्यंत. पहिली मूठ तिनं पुन्हा कधी धरली नाही. ती गेली तेव्हा गावानं तिला पडीशेजारीच ठेवलं.

अजून बोरखडीत हस्ताची पेरणी असली की पाभर, म्हणजे बी पेरायचं अवजार, बांधावरच थांबते. आधी बियातली एक पायली निघते, तिच्या घुगऱ्या होतात, आणि गावातली पोरं पडीजवळ रांगेनं बसतात. त्या दिवशी कुठली आई आपल्या पोराला नावानं हाक मारत नाही. "ये रं सातचा, ये गं चारची," असंच बोलावतात. पोरं खाऊन उठली की टोपल्यात चार घास उरलेले असतात, ते लहान धोंड्यांवर ठेवतात. मग पेरणी सुरू होते.