पितळी खुंटी

"नऊ वर्षं झाली मला, चाचा. ती येऊन आठ महिने. मग मीटर तिला का?"

दस्तगीर चाचांनी सोल्डरचा धूर फुंकला.

मिरजेत सगळ्यांनी हात टेकलेला कॉम्प्युटर शेवटी चाचांच्याच टेबलावर यायचा. हाताखाली दोघं, विश्राम आणि हर्षदा. त्या दिवशी सकाळी चाचांनी बिघाड शोधायचं आपलं वापरातलं मीटर हर्षदाच्या हातात ठेवलं, आणि विश्रामचा जो जळफळाट झाला म्हणता! डबासुद्धा उघडला नाही पठ्ठ्याने.

हर्षदापुढे एक जुनाट मदरबोर्ड होता. बटण दाबलं तरी पंखा हलत नव्हता.

"मीटरशिवाय चालू करून दाखवतो," विश्राम म्हणाला. "झाला, तर मीटर माझं."

"बरं," चाचा म्हणाले.

आता खरं सांगायचं तर बेट्याने दुपारीच उद्योग करून ठेवला होता. "पॉवर सप्लाय बदललाय, आता होतोय चालू," असं म्हणत हर्षदा जेवायला उठली. होणारच चालू, असं विश्राम धरूनच चालला. पोटात दुखलं. बोर्ड ज्या खुंट्यांवर बसतो, तसली एक जादा पितळी खुंटी त्याने बोर्ड उचलून खाली बसवली. ती बोर्डाच्या पाठीला टेकली की शॉर्ट. मग पंखा कसला फिरतोय!

चाचांची शिस्त ठरलेली. आधी पॉवर सप्लाय, मग सेल, मग रॅम. बोर्ड उचलायचा अगदी शेवटी.

विश्रामने आधी बोर्डच उचलला.

चाचा बघत होते...

खुंटी मुठीत गेली. बोर्ड परत बसला. चारही स्क्रू आवळून विश्राम ऐटीत मागे सरला.

"बघा आता!"

बटण दाबलं. पंखा हलला नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही.

"असं कसं होईल? काढली की मी!"

हर्षदाने वर पाहिलं. "काय काढलंत, दादा?"

विश्रामचा चेहरा उतरला. कान लाल झाले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला.

चाचा उठले. त्याची मूठ हळूच उघडली. खुंटी पाहिली. रागावले नाहीत. हर्षदाकडून मीटर मागून घेतलं आणि त्याच तळहातावर खुंटीशेजारी ठेवलं.

"घे. तू घातलेला बिघाड निघाला... आता बोर्डाचा स्वतःचा बिघाड शोध."