रोजची गोळी

“मग सोमवारपासून काउंटर माझ्याकडं ना, अप्पा?”

हणमंतअप्पा स्टुलावर गुडघे चोळत बसले होते. दुकानात स्टूल एकच, आणि त्यावर चाळीस वर्षं अप्पाच. आता त्यांना बसायचाही कंटाळा आला होता आणि उठायचाही.

वृषाली औषधांच्या कॉलेजातून पहिली आलेली. चार महिने अप्पांच्या मेडिकलात शिकत होती, म्हणजे उभी होती. चिठ्ठीशिवाय गोळी मागणाऱ्याला विचारायचे सात प्रश्न तिनं छापून काचेला चिकटवले होते. अप्पांनी ते कधी वाचले नाहीत.

“सातच्या सात विचारते मी. तुम्ही तर कधी एकच विचारता. कधी तोही नाही.”

“हं...”

बाजाराचा दिवस. सकाळी नऊपासून माणसांची रीघ. वृषालीच्या तळपायांची आग होत होती, पण सांगणार कोणाला? काउंटर मागायचं आणि पाय दुखतात म्हणायचं, हे कसं जमायचं!

तेवढ्यात एक म्हातारी काचेला टेकली.

“गुडघ्याची गोळी दे गं बाय. जोरातली दे.”

वृषालीनं पेन उचललं. “कुणाला हवीय?”

“मलाच की.”

“वय?”

“सत्तरीच्या पुढं धर कितीबी.”

“कधीपासून दुखतंय?”

“दिवाळीपास्नं.”

मागं चारजण ताटकळत होते. वृषालीचं पेन भराभर चाललं. पोटाचं विचारलं, सूज आहे का विचारलं, गोळीनं अंगावर पुरळ उठतं का ते विचारलं.

“आणि दुसरं काही औषध चालू नाही ना?” तिनं मान हलवत विचारलं.

“न्हाई,” म्हातारीनंही मान हलवली.

सात झाले. वृषालीनं पट्टीला कात्री लावली आणि अप्पांकडं पाहिलं. बघा, असं करायचं असतं.

अप्पा उठले. उठताना दोनदा काउंटर धरावं लागलं. स्टूल उचललं, बाहेर नेऊन म्हातारीपुढं ठेवलं.

“बसा, मावशी.”

“अप्पा, आमची गाडी जाईल हो!” मागचा एक करवादला.

“जाऊ दे. दुसरी येती.”

म्हातारी बसली. अप्पा काचेला टेकून उभे राहिले. काही विचारलं नाही...

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. उसासा टाकला. अप्पा उभेच...

“सकाळधरनं पायीच हिंडतीय बघा,” म्हातारी आपणहून बोलायला लागली. “पोटात चहा गेलाय, आन् ही. बास.”

तिनं कनवटीची गाठ सोडली. आत गोळ्यांची चुरगळलेली पट्टी होती.

“छातीत ती स्प्रिंग बसवलीय न्हवं, तवापास्नं घेती.”

वृषालीनं पट्टीवरचं नाव वाचलं. रक्त पातळ करायची गोळी. तिनं कापलेल्या गोळ्या मुठीत धरल्या. या गोळीच्या जोडीला त्या हिच्या पोटात गेल्या असत्या, तर आतल्या आत रक्त सुटू शकलं असतं.

“अहो आजी, मी विचारलं होतं ना तुम्हाला! औषध चालू नाही म्हणालात.”

“औषध कुटं हाय त्ये? त्ये तर रोजचंच.” म्हातारी ओशाळली. “आन् तूच की मान हलवलीस आदी. म्हटलं, नसंल लागत सांगायला.”

अप्पांनी तिला समोरच्या डॉक्टरांकडं धाडलं. ती पट्टी आधी त्यांना दाखवा, मग गुडघ्याचं सांगा, असं दोनदा बजावलं. मागची माणसं निघून गेली. स्टूल बाहेरच राहिलं.

वृषालीनं काचेवरचा कागद ओढून काढला.

“मग कसं विचारायचं, अप्पा?”

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं.

“दमली नाहीस ना गं?” मान हलवत त्यांनी विचारलं.

“नाही, अप्पा.”

अप्पा रखडत बाहेर गेले. स्टूल आत आणलं आणि तिच्या पायाशी ठेवलं. स्वतः काचेला टेकून उभे राहिले...

“बस. सोमवारचं मग बोलू.”