ढोलीबाहेरचा आवाज

माणूस गेल्यावर त्याचा आवाज कोणाचा असतो? त्याने कधीच न गायलेली गाणी त्याच्याच आवाजात मोबाइलवर वाजायला लागली, तर ती कोणाची म्हणायची? मी हे पुष्कळांना विचारलं. शिकलेल्यांना विचारलं, वकिलाला विचारलं. कोणी चहा पाजला, कोणी पाठीवर हात ठेवला. उत्तर कोणी दिलं नाही. मुलांनो, तुम्हालाही ते येणार नाही. पण एका जंगलात असंच घडलं होतं, ते ऐका.

नदीकाठच्या त्या जंगलात दोन दयाळ पक्षी राहत होते, दोघे सख्खे भाऊ. दयाळ म्हणजे काळा-पांढरा, शेपूट वर उडवत गाणारा पक्षी. थोरला असा गाई की पाण्यावर आलेली हरणं मान वर करून थांबत. धाकट्याला दोन सूर धड लागत नसत. थोरल्याची बायको आणि तीन पिल्लं ऐनाच्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत असत. शिकारी शिक्रा दिसला की पिल्लं ढोलीत दडत. तो निघून गेला की थोरला एक गाणं म्हणे. ते त्याने पिल्लांसाठीच रचलं होतं. ते कानावर पडलं की पिल्लं निर्धास्त बाहेर येत.

जंगलात गाण्यांचा एक कायदा होता. दुसऱ्याचं गाणं हवं असेल, तर त्याच्या झाडाखाली आख्खा हंगाम बसून शिकायचं आणि गाताना आधी त्याचं नाव घ्यायचं. झाडाखाली बसून शिकलेलं गाणं कोणी नाव न घेता म्हटलं, तर म्हातारा गवा न्याय करी. कायदा चांगला होता. शिकायला हंगाम लागे, त्यामुळे कोणाच्या झाडाखाली कोण बसलं आहे हे सगळ्यांना दिसत असे.

एका सकाळी शिक्र्याने थोरल्यालाच उचललं. धाकटा शेजारच्याच फांदीवर होता. पिल्लांनी विचारलं, "बाबा कुठे गेले?" वहिनी म्हणाली, "लांब गेलेत." धाकटा पिल्लांसाठी किडे शोधायला उडाला.

थोड्याच दिवसांत तिथे लांब शेपटीचा एक भृंगराज पक्षी आला. एकदा ऐकलेला आवाज तो हुबेहूब काढत असे. थोरल्याचं गाणं त्याने पलीकडच्या डोंगरावरून ऐकून ठेवलं होतं. शेंड्यावर बसून त्याने थोरल्याच्या आवाजात तान घेतली, तेव्हा वहिनी धडपडत ढोलीबाहेर आली. सातभाईंचा थवा एरवी कलकलाट करणारा, तोही गप्प झाला. धाकट्यालाही क्षणभर वाटलं, दादा आला. गाणं ऐकायला पाखरं गवतात उतरली की टोळ उडत आणि भृंगराज ते मटकावून टाकी. पुढे तो त्याच आवाजात थोरल्याने कधीच न म्हटलेली गाणीही म्हणू लागला. सगळे म्हणत, "मेल्यावर जास्तच रंगात आलाय."

मग एके दिवशी त्याने पिल्लांचं ते गाणं म्हटलं. शिक्रा समोरच्याच झाडावर बसला होता. सगळ्यात लहान पिल्लू "बाबा" म्हणत बाहेर पडलं. ते परत आलं नाही.

धाकट्याने आधी भृंगराजाच्या शेपटीचं एक पीस उपटलं आणि मग तो गव्याकडे गेला. भृंगराज त्याच्याआधीच तिथे पोचला होता.

"आजोबा, याने माझं पीस नेलं," भृंगराज म्हणाला. "बघा, इथली जागा मोकळी दिसतेय."

गव्याने शेपटी पाहिली, धाकट्याच्या चोचीतलं पीस पाहिलं. "दिसतंय खरं. दयाळा, परत दे ते."

धाकट्याने पीस टाकलं. "दिलं. आता माझ्या दादाचं गाणं याला द्यायला सांगा."

"मी काय नेलंय?" भृंगराज म्हणाला. "ढोली जागेवर आहे. गाणं तुझ्या ध्यानात आहेच. म्हण की, कोण अडवतंय? जमत नसेल तर तो माझा दोष नाही. उलट मी आहे म्हणून तुझ्या दादाचं नाव निघतंय."

"नाव तू घेतच नाहीस," धाकटा म्हणाला.

मागून सातभाई ओरडले, "अरे, आम्हाला घरबसल्या गाणं मिळतंय. तुझ्या पोटात का दुखतंय?"

गव्याने विचारलं, "हा तुझ्या भावाच्या झाडाखाली बसला होता का?"

"नाही. लांबूनच ऐकलं त्याने."

"मग कायद्यात बसत नाही. आणि गेलं काय तुझं?"

"पिल्लू गेलं, आजोबा."

"ते शिक्र्याने नेलं, बाळा."

गव्याने मान खाली घातली. तो वाईट नव्हता. तो हळूच म्हणाला, "हा कायदा माझ्या पणजोबांचा. एकदा ऐकून गाणं उचलणारा गळा त्यांनी पाहिला नव्हता. नवा कायदा करायचा तर सगळं जंगल एकत्र बसायला हवं. पावसाळा सरला की बसू."

"तोवर उरलेली पिल्लं?"

गवा चरायला लागला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं आणि ढोलीबाहेरून तो आवाज आला. तेच गाणं होतं, तीच शेवटची शीळ. वर शिक्रा घिरट्या घालत होता. पिल्लं दाराकडे झेपावली. धाकटा त्यांच्याआधी पोचला आणि पंख पसरून ढोलीच्या तोंडात बसला.

"काका, सरका. बाबा बोलावतायत."

"ते बाबा नाहीत."

"आवाज बाबांचाच आहे."

"हो, आवाज त्याचाच आहे," धाकटा म्हणाला. "बाबा मेले. मी पाहिलंय."

वहिनीने तोंड फिरवलं. पिल्लं त्याला चोची मारत राहिली, त्याच्या पाठीची पिसं निघाली, तरी तो हलला नाही. शिक्र्याची सावली ऐनावरून सरकली, परत आली, मग दूर गेली. बाहेर दादाचा आवाज गातच होता. पिल्लं दमून गप्प झाली.

आकाश मोकळं झाल्यावर धाकटा समोरच्या फांदीवर गेला. "आधी मला नीट बघा, मग या," तो म्हणाला. झाडाखाली ऐकायला कोणी नव्हतं, तरी त्याने कायद्याप्रमाणे पहिल्यांदा दादाचं नाव घेतलं. मग दादाचं गाणं म्हटलं, बेसूरच. पिल्लांनी डोकं बाहेर काढलं, त्याच्याकडे पाहिलं, वर आकाशाकडे पाहिलं आणि मगच उडाली. त्यांच्यासाठी त्याने केलेलं ते शेवटचं काम; पुढे ती आपली आपणच आकाश बघून बाहेर पडू लागली.

तात्पर्य : गाणं उचलायला हंगाम लागत असे तेव्हाचा कायदा, ते क्षणात उचलणाऱ्याला आवरू शकत नाही. तो बदलायलाच हवा. आणि बदलेपर्यंत, ज्याचं गाणं त्याचं नाव आपण तरी आधी घ्यावं.