फुटक्या माठाचं धुराडं

"आमटीत मीठ आहे की मिठात आमटी?" खैरगडचे रुद्राजीराजे ताटावरून गरजले. "बोलवा त्या स्वयंपाकिणीला!"

आवडाबाई आली. डोळे लालभडक, पदराने पुसत पुसत. मागोमाग तिची लेक गोजरा, हाताला कणीक तशीच.

"सरकार, चुकलं. धुरानं काही दिसत नाही बघा. मीठ टाकलं की नाही तेच कळेना, म्हणून परत टाकलं."

"मग घरी बसा! उद्यापासून दुसरी बाई येईल."

आवडाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. नवरा कधीच गेलेला, डोळे अधू व्हायला आलेले. राजवाड्यातून निघालेल्या बाईला दुसरीकडे कोण उभं करणार? पण गोजरा गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

"दुसरी आणा, तिसरी आणा, महाराज. धूर तोच राहील! खोट मुदपाकखान्यात आहे. तो जरा सुधारायला हवा."

"सुधारायला? खजिन्यात आहे काय?" राजे म्हणाले.

तेही खरंच होतं. राजांना घर सजवायचं भारी वेड. दिवाणखान्याची फरशी तीनदा उखडून झाली होती, कारण ती पागोट्याच्या रंगाला शोभत नव्हती. न्हाणीघरात असा गुळगुळीत दगड बसवला होता, की राजे दोघांचे हात धरून आंघोळीला जात आणि तरी महिन्यातून एकदा आडवे होत. दगड कारभारी त्र्यंबकपंतांनी पसंत केला होता. ते स्वतः नदीवर आंघोळ करत.

पंत पुढे वाकले. "महाराज, पोरगी एवढी शहाणी आहे, तर तिलाच सुधारू द्या की! फुकटात!"

राजांना ते फार आवडलं. "ऐक गं! एक भिंत फोडायची नाही. एक वीट आणायची नाही. खजिन्याला कवडीची तोशीस नाही. पण उद्या सकाळी मी आत पाऊल टाकलं, की माझ्याच तोंडून निघालं पाहिजे, 'हा माझा मुदपाकखाना नव्हेच!' नाही निघालं, तर मायलेकी दोघी वेशीबाहेर!"

"आणि निघालं तर?"

"मागशील ते देईन!"

"पण महाराजांनी स्वतः यायचं. कारभाऱ्यांच्या डोळ्यांनी पाहिलेलं चालणार नाही."

"येईन म्हणतो ना!"

घरी येताच आवडाबाईने कपाळावर हात मारला. "कार्टे, तुझ्या जिभेला काही हाड? निदान पहाटे उठून सारवू तरी."

"बोटसुद्धा लावायचं नाही कशाला! रोजच्यासारखी चूल पेटव. लाकडं ओली आहेत ना? असू देत."

सकाळी राजे निघाले. मागे पंत, त्यांच्या मागे दरबारची मंडळी. चौकात येऊन राजे थांबले.

"इकडे की तिकडे हो, पंत?"

पंतांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि ते खाकरले. शेवटी फोडणीच्या वासावर सगळे मागच्या अंगाला पोहोचले. दार बुटकं. राजांचं पागोटं चौकटीला अडकलं, ते हातात घेऊन राजे आत शिरले.

भिंती काळ्याकुट्ट. आढ्याला काजळीची जळमटं लोंबणारी. जमिनीचे पोपडे निघालेले. आणि धूर तर असा, की पलीकडचा माणूस दिसू नये.

"अरे, कुठं आणलंत मला?" राजे ओरडले. "हा माझा मुदपाकखाना नव्हेच!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" धुरातून आवाज आला. गोजराने वाकून मुजरा केला.

"थांब, थांब! तू केलंस काय?"

"भिंत फोडली नाही, वीट आणली नाही, कवडी मागितली नाही."

"ही लबाडी आहे! सुधारायला सांगितलं, तर उलट बिघडवून ठेवलंस!"

"असं? मग काल इथं काय होतं आणि मी काय बिघडवलं ते महाराजांनी सांगावं. एक जरी गोष्ट सांगितलीत, तरी याच पावली आम्ही वेशीबाहेर!"

राजांनी चुलीकडे पाहिलं. चूल काल तिथंच होती का? कोण जाणे! त्यांनी मंडळींकडे पाहिलं. रोज पंगतीला बसणारी मंडळी, पण जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला.

"भिंत!" पंत ओरडले. "भिंत पांढरी होती!"

"कोणत्या साली?" आवडाबाईने विचारलं.

पंत एकदम खोकू लागले. राजांनी बोलायला तोंड उघडलं, तोच घोटभर धूर आत गेला. डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं.

"खाली बसा सरकार," आवडाबाई हळूच म्हणाली. "धूर वर असतो. आम्ही अशाच बसतो."

राजे मुकाट्याने जमिनीवर बसले. डोळे पुसत तिच्या लाल डोळ्यांकडे पाहत राहिले. आणि मग हसू लागले! खोकत, हसत, पुन्हा खोकत.

"जन्मभर इथलं जेवलो आणि आज पहिल्यांदा इथं आलो! हरलो, पोरी. तुझ्या आईची जागा कायम. आता माग काय मागायचं ते!"

"चुलीवरची चार कौलं काढू द्या. तिथं बूड गेलेला माठ बसवू आणि पावसासाठी वर एक कौल तिरकं ठेवू. धूर निघून जाईल."

"एवढंच? खर्च किती?"

"माठ फुटकाच लागतो, महाराज."

राजांनी पंतांकडे एकदा पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "आणि माझं न्हाणीघर?"

"दगड उलटा करून बसवा. खालची बाजू खरखरीत असते."

"दिवाणखान्याची फरशी?"

"तिला आता जरा विश्रांती द्या."

राजे पोट धरधरून हसले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी गोजराच्या पिठाळलेल्या हातात घातलं. "आजपासून राजवाड्याची सगळी डागडुजी हिच्या हुकमाने! बोल, पहिला हुकूम काय?"

"कारभाऱ्यांनी कौलांवर चढावं."

त्र्यंबकपंतांनी धोतराचा काचा मारला आणि शिडी कुठं ठेवतात ते विचारलं.