खोट्या हाकेला धावणारा कोल्हा

फार पूर्वी, आपल्या कल्पाच्याही मागच्या एका कल्पात, कुंभवती नगरीत दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या माळरानावर कोल्ह्याच्या योनीत जन्मला होता. कल्प येतात आणि जातात, आणि माणसे प्रत्येक कल्पात त्याच गोष्टी नव्याने शोधून काढतात. त्या कल्पातल्या माणसांना बंदुकीची काळी दारू ठाऊक झाली होती. त्यांच्या बंदुका ठासणीच्या होत्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीत गुंडाळलेली गोळी सोडायची आणि लांब गजाने ती तळापर्यंत ठासायची. मग नळीच्या बुडाशी जे बारीक भोक असे, तिथे चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक, ठेवून चाप ओढायचा. गारगोटीची ठिणगी पडली की रंजक पेटे आणि रंजकीने आतला बार पेटे. एवढी खटपट एका गोळीसाठी.

त्या माळाच्या कडेला शिकाऱ्यांची वाडी होती. शंबल तिचा पुढारी. त्याचा नेम चांगला होता, पण त्याचे नाव झाले होते ते पिपाणीमुळे. वेळूच्या दोन चिपांमध्ये ताडपत्राची पट्टी धरून त्याने ती बनवली होती. ओठांत धरून फुंकली की हरवलेल्या पिल्लाचे रडणे निघे. कोल्ह्याचे पिल्लू, शेळीचे करडू की माणसाचे मूल, हे ऐकणाऱ्याला सांगता येत नसे. प्रत्येक आईला ते आपलेच वाटे. शंबल झुडपाआड बसून पिपाणी वाजवी, कोल्हीण धावत येई आणि शंबल चाप ओढी.

त्याची बायको रोहिका तान्ह्या मुलाची आई होती. शंबल घरात पिपाणी वाजवून बघू लागला की ती चिडे.

"अहो, ते बाहेर जाऊन वाजवा. बाळ पाळण्यात गाढ झोपलेलं असतं आणि मला इकडे पान्हा फुटतो."

"म्हणजे पिपाणी झकास जमली," शंबल म्हणे आणि हसे.

त्या वर्षी दृढसेन राजाला लग्नानंतर पुष्कळ काळाने मुलगा झाला. दरबारच्या ज्योतिष्याने सांगितले, की कोल्ह्यांच्या म्होरक्याच्या डोक्यावर केसांआड एक लहानसे शिंग असते. ते ताइतात घालून राजपुत्राच्या गळ्यात बांधले, तर त्याला कधी कुणाची दृष्ट लागणार नाही. राजाने शंबलला बोलावून घेतले.

"येत्या पौर्णिमेच्या आत ते शिंग आण," राजा म्हणाला. "आणलंस तर माळ कायमचा तुमच्या वाडीचा. नाही आणलंस तर वाडी उठवायची आणि माझ्या राज्याबाहेर जायचं. कोल्हासुद्धा मारता येत नाही असे शिकारी मला कशाला हवेत?"

शंबल कामाला लागला. त्याच्याबरोबर रोहिकेचा धाकटा भाऊ तुंडिल दुसरी बंदूक घेऊन असे. त्यांनी बरेच कोल्हे मारले, प्रत्येकाच्या डोक्यावर बोटे फिरवली, शिंग कुठेच नव्हते. ज्योतिषी म्हणाला, "ते म्होरक्यालाच असतं."

म्होरक्या त्यांना दिसत नव्हता असे नाही. तो रोज दिसे. एक कान फाटलेला, तोंडाशी पांढरा झालेला म्हातारा कोल्हा. पुढे पुढे पिपाणी वाजली की बाकीचे येईनात, हा मात्र येई. गोळीच्या पल्ल्याबाहेर उभा राही, सगळा माळ डोळ्यांनी चाळून काढी, पिल्लू नाही अशी खात्री करून घेई. मग ते दोघे ज्या झुडपाआड असत त्या झुडपाकडे सरळ पाही आणि निघून जाई.

"दाजी, त्याला कळतं आपणच आहोत ते," तुंडिल म्हणाला. "तरी येतो. का येतो?"

"मूर्ख असेल."

"मूर्ख असता तर एव्हाना त्याचं कातडं आपल्या दारात वाळत असतं. मला वाटतं तो तुमचं तोंड बघायला येतो. ताई म्हणते, तुमच्यात बघण्यासारखं काहीतरी आहे. काय ते मला अजून सापडलेलं नाही."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे दाट धुके पडले. शंबल उठला तोच खुशीत. "आज तो लांबून बघू शकणार नाही," तो म्हणाला. "पिल्लू आहे की नाही हे बघायला त्याला जवळ यावंच लागेल." त्या कोल्ह्याच्या मनात काय आहे हे शंबलला नेमके कळले होते, आणि ते कळल्यावर त्याने त्याचाच फास केला. माणसाची हुशारी पुष्कळदा इथवर येऊन थांबते.

त्या वाडीची एक रीत होती. बार भरण्याआधी नुसता गज नळीत सोडून बघायचा. गजाला लाल दोरा बांधलेला असे. दोरा नळीच्या तोंडाशी टेकला तर नळी रिकामी, वर राहिला तर आत आधीचा बार आहे. ही रीत शंबलनेच सगळ्यांच्या अंगी मुरवली होती.

पिपाणी वाजली. धुक्यातून म्हातारा कोल्हा पुढे आला आणि त्याच्यामागून एक तरणा कोल्हा. शंबल आणि तुंडिल, दोघांनी एकदमच चाप ओढले. हवा दमट होती. शंबलच्या बंदुकीत नुसती रंजक भुर्रकन जळली, आतला बार पेटलाच नाही. पण तुंडिलचा बार त्याच्या कानाशी कडाडला होता आणि धुराने दोघांना वेढले होते. आपलीही गोळी सुटली असे शंबलला वाटले.

"लागला! माझा लागला!" तुंडिल ओरडला आणि जखमी होऊन पळालेल्या तरण्या कोल्ह्यामागे ओढ्यापलीकडे धावत गेला.

धूर विरळ झाला तेव्हा म्हातारा अजून तिथेच होता. इतक्या जवळ तो कधीच आला नव्हता. तो वळून पळाला नाही, झुडपांच्या बुडाशी हुंगत होता, पिल्लू शोधत होता. घाईत शंबलने नुसता गज सोडून बघितलाच नाही. त्याने दारू ओतली, गोळी सोडली, गजाने ठासली. गज नेहमीपेक्षा आधीच अडला आणि लाल दोरा एका बाराने राहतो त्याहून बराच वर राहिला. शंबलने तो पाहिला. पण त्याचे मन कोल्ह्यापाशी होते. त्याने रंजक ठेवली आणि चाप ओढला.

बारावर बार बसला होता. नळी फुटली.

शुद्धीवर आला तेव्हा तो पाठीवर पडलेला होता. तोंड भाजले होते, डोळे काजळीने चिकटले होते, डावा तळहात फाटून रक्त वाहत होते. त्याने तुंडिलला हाका मारल्या. धुक्याने त्या गिळून टाकल्या. हळूहळू शब्द संपले आणि त्याच्या तोंडून नुसते रडणे येऊ लागले. ते ऐकून तो स्वतःच दचकला. हुबेहूब पिपाणी.

वाळल्या गवतात पावले वाजली. गालाशी ऊन श्वास आला. शंबलने उजवा हात सुरीकडे नेला.

"कोण आहे?"

"ज्याला तू बोलावलंस तो," कोल्हा म्हणाला.

"मी तुला नाही बोलावलं."

"रोज बोलावतोस. आज पहिल्यांदा खरं बोलावलंस. हात उंच धर, रक्त थांबेल. तुझा सोबती ओढ्यापलीकडे आहे. तुझी हाक तिथवर पोचणार नाही. आमची पोचेल."

त्याने मान वर करून हाळी दिली. माळाच्या चारी अंगांनी कोल्ह्यांनी ती उचलली. उजाडल्यावर कोल्हे असे ओरडत नाहीत. तुंडिलला हे ठाऊक होते, त्यामुळे तो ते ऐकून येणारच होता.

तो येईपर्यंत कोल्हा शंबलजवळ बसून राहिला.

"आवाज खोटा आहे हे तुला रोज कळायचं ना?" शंबलने विचारले.

"बहुतेक वेळा कळायचं."

"मग यायचास कशाला?"

"बहुतेक वेळा म्हणालो मी. एखादे वेळी खरंच पिल्लू असलं तर?"

"पण मग तू एकटाच का? बाकीचे का येत नाहीत?"

 कोल्हा म्हणाला, "आमच्यातले किती मारलेस ते तुला ठाऊक आहे. पण जे वाचले त्यांचं काय झालं, ते ठाऊक नाही. फसून परत गेलेली आई पुढच्या हाकेला उठत नाही. बिळात कान पाडून बसते, आणि बाहेर तिचंच पिल्लू रडत असतं. गेल्या थंडीत असं एक पिल्लू गेलं. त्याला तुझी गोळी लागली नव्हती, कुणाचा दातही लागला नव्हता. कुणी उठलं नाही म्हणून ते गेलं. तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, हाक आली की मी जाऊन बघेन, तुम्ही थांबा. मी जातो तोवर त्यांना स्वतःच्या कानांवर अविश्वास ठेवावा लागत नाही."

"आज तुझ्यामागून आला तो कोण?"

"माझा मुलगा. येऊ नको म्हटलं होतं. म्हातारपणी बाप एकटा जातो, हे त्याला बघवलं नाही."

शंबलचा हात सुरीवरून खाली आला.

तेवढ्यात तुंडिल धापा टाकत पोचला. त्याच्या खांद्यावर तो तरणा कोल्हा मरून लोंबत होता. म्हाताऱ्याने एकदा तिकडे पाहिले आणि मान खाली घातली, पण जागचा हलला नाही. तुंडिलने खांद्यावरचे ओझे टाकले. त्याची बंदूक वाटेतच भरून झालेली होती. ती त्याने रोखली.

"दाजी, बाजूला व्हा."

शंबलने चाचपडत कोल्ह्याच्या मानेला मिठी घातली. "तू बंदूक खाली घे."

"अहो, डोळ्यांबरोबर डोकंही गेलं का? उद्या पौर्णिमा आहे! ताईच्या कडेवर बाळ आहे, तिला कुठल्या मुलखात नेऊन ठेवणार?"

कोल्हा म्हणाला, "माझ्या डोक्याने तुमची वाडी राहणार असेल तर घ्या. पण शिंग त्यात नाही. हात फिरवून बघ."

शंबलने चांगल्या हाताने चाचपले. दोन कानांच्या मध्ये ऊबदार केस होते, त्याखाली हाड होते. एक कुसळ रुतलेले होते. ते त्याने काढून टाकले.

"नाही रे तुंडिल."

"नसू दे! बाजारात हाडाला कातडं गुंडाळून शिंगं विकतात. म्हाताऱ्याचं कातडं घेऊन गेलो की राजा कशाला खोलात शिरतोय?"

"म्हणजे आणखी एक खोटी पिपाणी," शंबल म्हणाला. "मी हाक मारली आणि हा आला, तुंडिल. माझ्या हाकेला. पोरगा पडलेला असताना आला."

तुंडिलने खाली टाकलेल्या तरण्या कोल्ह्याकडे पाहिले. मग त्याने नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला. भरलेला बार रिकामा करायला तोच सोपा उपाय होता.

पौर्णिमेच्या सकाळी, डोळ्यांना पट्टी बांधलेल्या शंबलला तुंडिलने हाताला धरून दरबारात आणले. दारापाशी रोहिका बाळाला घेऊन उभी होती. तिने भांडीकुंडी बांधून ठेवली होती.

"शिंग कुठे आहे?" राजाने विचारले.

"महाराज, त्या माळावर शिंग एकच होतं, माझ्या कमरेला दारू ठेवायचं. कोल्ह्यांना शिंग नसतं. म्होरक्याच्या डोक्यावर मी स्वतः हात फिरवला." आणि त्याने घडले ते सगळे सांगितले.

दरबारात हशा पिकला. "दारूचा धूर डोक्यात गेलाय याच्या," ज्योतिषी म्हणाला. "कोल्हे बोलायला लागले!"

राजा हसला नाही, रागावला. "उपदेश मागितला नव्हता, शंबल. वाडी उठव."

"उठवतो, महाराज. जाण्याआधी एकदा पिपाणी वाजवू द्या. तुमच्या राजपुत्रासाठी आम्ही माळावर काय करत होतो, ते तुम्ही ऐकलेलं नाही."

राजाने हात हलवला. शंबलने पिपाणी ओठांत धरली आणि फुंकली.

दारापाशी रोहिकेने बाळ छातीशी घट्ट धरले. दरबारी एकमेकांकडे पाहून हसत होते. तोच अंतःपुराचा पडदा जोरात बाजूला झाला आणि राणी सभेत आली. ती कधी सभेत आली नव्हती. पाय अनवाणी, केस अर्धे विंचरलेले, चोळी दुधाने भिजलेली.

"कुणाचं मूल रडतंय?" ती म्हणाली. "उभे काय राहिलात सगळे? कुणी उचलत का नाही?"

 शंबलच्या हातातली पिपाणी राणीला दिसली.

राजा हलक्या आवाजात म्हणाला, "मूल नाही. आवाज खोटा होता."

राणी पिपाणीकडे बघत राहिली. मग तिने राजाकडे पाहिले. "मग पुन्हा असा आवाज आला, तर मी उठू की नको?"

  राजाने शंबलला जवळ बोलावून पिपाणी मागून घेतली आणि आपल्या हाताने मोडली. त्या दिवसापासून कुंभवतीच्या राज्यात पिल्लाच्या रडण्याची नक्कल करून शिकार करण्यास बंदी झाली. माळ वाडीचाच राहिला आणि कोल्ह्यांचाही. राजपुत्राच्या गळ्यात ताईत बांधला गेला नाही. रात्री तो रडला की राणी उठे आणि कधी कधी राजाही उठे. शंबलला एका डोळ्याने पुन्हा दिसू लागले. पुढे माळावरून कुणाचीही हाक आली, की तो बंदूक न घेता बघायला जाई. कधी कधी फाटक्या कानाचा कोल्हा त्याच्याआधी तिथे पोचलेला असे.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, पूर्णिल नावाच्या भिक्षूला सांगितली. विहाराच्या दाराशी कुणी टवाळ पोरे आजारी वाटसरूचे सोंग करून हाका मारीत. पूर्णिल पुन्हा पुन्हा फसला आणि यापुढे उठायचे नाही असे त्याने ठरवले.

"त्या वेळचा शंबल तूच होतास, पूर्णिल," शास्ते म्हणाले. "तुंडिल म्हणजे तुझ्या शेजारी बसलेला, तुला उठू नको म्हणणारा तुझा मित्र. ती राणी आज आपल्याला भिक्षा वाढणारी उपासिका झाली आहे. आणि हाक खरी की खोटी हे कळण्याआधीच निघणारा कोल्हा मी होतो."

शास्त्यांचे बोलणे संपते न संपते तोच दाराबाहेरून कुणी हाक मारली. शेजारच्या भिक्षूने पूर्णिलकडे पाहिले. हाक खरी होती की खोटी, हे पूर्णिललाही ठाऊक नव्हते. तो उठला आणि दाराकडे गेला.

या उठण्यालाच करुणा म्हणतात.